शेवगा की सीताफळ? आधी मे महिन्याचे पाणी मोजा



बैठकीत कापसाचा आणि ज्वारीचा हिशेब मांडून झाला, बेरीज तोट्यात गेली, की एक प्रश्न हमखास येतो. "बरड रानात शेवगा लावावा की सीताफळ?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते. शेजारच्या गावात शेवग्याला भाव मिळाला की शेवगा. कोणाची सीताफळाची गाडी मुंबईला गेली की सीताफळ. दोन्ही झाडे कोरडवाहूची, म्हणून आपण ती एकाच दावणीला बांधतो. पण दोघांची भूक वेगळी आहे. ती समजल्याशिवाय खड्डा खणू नये. खड्डे, रोपे आणि दोन उन्हाळ्यांचे पाणी हा खर्च आधी आपल्या घरातून जातो, उत्पन्न नंतर येते.

आधी सारखेपणा पाहू. साचलेले पाणी दोघांनाही चालत नाही. भारी काळ्या रानात पावसाळ्यात पाणी तुंबले की शेवग्याचे मूळ सडते, सीताफळही खचते. म्हणून कापसाचे चांगले रान मोडून यांपैकी काहीही लावू नका. यांची जागा मुरमाड उतारावर, बरडावर आणि बांधावर.

आता फरक. शेवगा घाईचा आहे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम केंद्रातून आलेला पीकेएम-१ हा वाण बियांपासून लावतात आणि सात-आठ महिन्यांत शेंग देतो. पण त्याला मोकळे सोडले तर तो बांबूसारखा सरळ वर जातो, लाकूड ठिसूळ असल्याने वाऱ्यात मोडतो आणि शेंगा हाताला लागत नाहीत. म्हणून रोप अडीच फुटांचे झाले की शेंडा खुडायचा, फांद्या फुटू द्यायच्या. शेंगांचा हंगाम संपला की जमिनीपासून तीन फुटांवर छाटायचे. ज्याला छाटणीचा जीव होत नाही, त्याने शेवगा लावू नये.

सीताफळ धीराचे आहे. बियांपासून केलेली झाडे एकसारखी निघत नाहीत, म्हणून बाळानगर किंवा अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राचे धारूर-६ अशा वाणाचे कलम घ्यावे. फळ तिसऱ्या वर्षापासून दिसते, हातात पैसा येण्याइतके पीक चौथ्या-पाचव्या वर्षी. तोवर ओळींमध्ये मूग, उडीद, ज्वारी घेता येते. छाटणी हलकी लागते, वाळलेल्या आणि दाटीच्या फांद्या काढण्यापुरती.

खरा फरक पाण्याचा. सीताफळ हिवाळ्याच्या शेवटी पाने गाळते आणि उन्हाळाभर झोपते. पावसाबरोबर जागे होते, फुलते आणि दिवाळीच्या आगेमागे फळ देते. बालाघाटच्या डोंगरात ते कोणी पाणी न घालता उभे आहे. तेथील फळाला बीड सीताफळ म्हणून २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेवगाही पाण्यावाचून मरत नाही, परंतु मरत नाही म्हणजे पिकतो असे नव्हे. त्याच्या शेंगांचा मोठा बहर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असतो. त्याच वेळी विहीर तळाला गेली तर फुले गळतात आणि उरते नुसते हिरवे झाड.

रोपे जगवण्याचाच हिशेब मांडू. पाच मीटरवर सीताफळाची एकरी सुमारे १६० झाडे बसतात. तीन मीटरवर शेवग्याची ४५०. उन्हाळ्यात झाडामागे आठवड्याला दहा लिटर धरले, तर सीताफळाला १,६०० लिटर, म्हणजे २०० लिटरची आठ पिंपे. शेवग्याला ४,५०० लिटर, म्हणजे साडेबावीस पिंपे. ठिबक असेल तर ठीक. नसेल तर ही पिंपे कोण वाहणार? बहुतेक घरांत ते काम बायांच्या डोक्यावर येते, आणि लावणीचा निर्णय मात्र त्यांना न विचारता झालेला असतो. हे आता थांबले पाहिजे.

पाण्यानंतर हात. सीताफळाचे डोळे उघडले की तोडणी थांबत नाही. तोडलेले फळ दोन-चार दिवसांत मऊ पडते, शीतगृहात ठेवले तर साल काळी पडते. आणि हे सारे नेमके कापसाची वेचणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी चालू असताना! शेवग्याची शेंग वेचणी ओसरल्यावर येते, पण दर तीन-चार दिवसांनी तोडावी लागते. उशीर झाला की ती निबर होते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांचाच माल येतो आणि भाव पडतो. फळे-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे. तेव्हा चार-पाच जणांनी मिळून एक गाडी करून थेट विकण्याची वाट खुली आहे.

राखणीचेही पाहा. शेळ्या शेवगा फस्त करतात, कुंपण नसेल तर रोप राहत नाही. सीताफळाच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही. शेवग्यावर केसाळ अळ्या दिवसा खोडावर गोळा होऊन बसतात, तेथेच माराव्यात. सीताफळाला पिठ्या ढेकणाचा त्रास. बुंध्याभोवतीची माती उन्हाळ्यात हलवावी, तण ठेवू नये. कापसाच्या धुऱ्यावरच्या शेवग्यावर फवारा उडत असेल, तर तो पाला भाजीला घेऊ नका.

आमचे सांगणे एवढेच. उन्हाळ्यात पाणी टिकते, रस्ता बारमाही आहे, आठवड्यातून दोनदा बाजार गाठता येतो, तेथे शेवगा. पाणी नाही, पण चार वर्षे थांबण्याची ताकद आहे आणि दिवाळीच्या सुमारास घरात मोकळे हात आहेत, तेथे सीताफळ. दोन्ही नसेल तर कर्ज काढून बाग करू नका. बांधावर प्रत्येकी दहा झाडे लावा, घरची भाजी आणि फळ तरी सुटेल.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या बाईमाणसाला विचारून दोन आकडे लिहून आणा. मे महिन्यात आपल्या विहिरीतून रोज किती पिंपे पाणी निघते? आणि वेचणीच्या दिवसांत किती हात मोकळे असतात? कोणते झाड लावायचे ते या दोन आकड्यांवरून ठरवू.