शेजाऱ्याचे बिल आणि आपला डीपी



अमेरिकेतल्या वीज कंपन्या गिऱ्हाइकाला बिलाखेरीज आणखी एक कागद पाठवतात. त्यावर तीन पट्ट्या असतात. एक तुमच्या घराची, दुसरी तुमच्यासारख्याच आसपासच्या सुमारे शंभर घरांची आणि तिसरी त्यातल्या काटकसरी घरांची. काटकसरी घरांत बसलात तर दोन हसरे चेहरे, नुसते सरासरीच्या आत असलात तर एक. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला २००८ साली ३५ हजार घरांना हे कागद जायला लागले. जास्त वीज जाळणाऱ्याच्या कागदावर तेव्हा रडका चेहरा छापलेला असायचा. काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली आणि रडका चेहरा गेला. तिथे गिऱ्हाईक बोलले की वीजवाला ऐकतो, हे आधी ध्यानात ठेवा.

यामागे विद्वानांचा प्रयोग आहे. सॅन मार्कोस या गावात सुमारे २९० घरांच्या दारांना चिठ्ठ्या अडकवल्या : तुमची वीज इतकी, शेजाऱ्यांची इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडला. पण कमी वापरणाऱ्यांनी वापर वाढवला! आपण एकटेच कशाला अंधारात बसायचे, असे वाटले असेल. मग त्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढला, तेव्हा कुठे ते जागच्या जागी राहिले. २००७ साली हे छापून आले आणि त्याच साली ऑपॉवर नावाची कंपनी असले कागद तयार करून द्यायला उभी राहिली. हंट ऑलकॉट या अर्थशास्त्रज्ञाने सहा लाख घरांचा हिशेब २०११ साली मांडला : बचत सरासरी दोन टक्के. ती खोटी नाही. चोवीस तास वीज, खोलीखोलीत गार हवेचे यंत्र, अशा घराने दोन टक्के वाचवले तर चांगलेच झाले. त्यांच्या कागदाशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते या विचाराची आपल्याकडे आयात करणाऱ्यांशी. २०१९ च्या जुलैत दिल्लीच्या आर्थिक पाहणीत एक अख्खे प्रकरण छापले गेले : माणसाला हुकूम न करता, हळूच कोपराने ढोसून शहाणे कसे करावे. चांगले आहे. पण हा कागद उद्या आपल्या गावात आला तर दोन हसरे चेहरे कोणाच्या दारात पडतील? जिच्या घरात दोन दिवे आहेत आणि पंखा बंद पडून वर्ष झाले, त्या विधवा मावशीच्या. तिच्या दारिद्र्यावर काटकसरीचा शिक्का बसेल आणि गावातली आदर्श गिऱ्हाईक म्हणून तिचा सत्कारही होईल!

शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही. शिवारात एकाला कापूस बरा झाला की साहेब जीपमधून उतरून बाकीच्यांना विचारतात, त्याला जमले, तुम्हाला का नाही? त्याच्या विहिरीला पाणी आहे आणि तुमचे रान मुरमाड आहे, हे साहेबांच्या वहीत नसते. भाव काय मिळाला, हे तर नसतेच. एकाला कृषिपंडित म्हणायचे आणि उरलेल्यांना आळशी ठरवायचे, की भावाचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

आणि जी तुलना आपल्याला करायची होती तिला मात्र बंदी होती. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली. पलीकडे आदिलाबादला, मध्य प्रदेशात भाव जास्त असला, तरी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आपला कापूस हद्दीपलीकडे न्यायचा नाही. नेला तर चोरटा व्यापार! शेजाऱ्याचे उत्पादन बघा, पण शेजाऱ्याचा भाव बघू नका.

विजेचेही तेच. राज्य वीज मंडळ वर्षानुवर्षे सांगत होते, गळती पंधरा-अठरा टक्के, बाकी सगळी वीज शेतकरी पितो. नियामक आयोग आला, २००० साली दराचा पहिला निकाल लागला आणि त्या वेळच्या तपासणीत गळती तीस टक्क्यांच्या घरात निघाली. पंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर अंदाज बांधायचा. त्या अंदाजाच्या पोत्यात चोरी, गळती, सगळे भरता येत होते. २००३ च्या कायद्याने दोन वर्षांत सगळ्यांना मीटर लावायला सांगितले; मीटर नसलेले पंप त्यानंतरही राहिले. ज्याचे मोजलेच नाही त्याची तुलना कोणाशी करणार?

आता कोणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे वीजबिल माफ आहे, मग तक्रार कसली? बिल शून्य आले म्हणून रात्रीच्या पाळीत ज्वारीला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या पायाखालचा साप शून्य होत नाही. आणि ज्याच्याकडे विहीरच नाही, त्या कोरडवाहूवाल्याला या माफीतून काय मिळाले? त्याच्या घरच्या दिव्याचे बिल तर येतेच.

तुलना करायचीच असेल तर उलटी करा. कागद आम्ही लिहितो, पट्ट्या वीजवाल्याच्या काढतो. आपल्या फीडरला थ्री फेज किती तास मिळाली, शेजारच्या फीडरला किती? साखर कारखान्याच्या पट्ट्यात जळालेला डीपी किती दिवसांत बदलला, आपल्या कोरडवाहू गावात किती? आयोगाच्या २०१४ च्या नियमावलीत खेड्यातल्या डीपीला ४८ तासांची मुदत होती. वीज कायद्याच्या ५७ व्या कलमात मुदत चुकली तर भरपाई आहे, पण ती मागायला तारीख आणि वेळ लेखी लागते.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. पंधरा दिवस रोज लिहावे : वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, दिवसा की रात्री, डीपी कधी जळाला, तक्रार कोणाकडे नोंदवली, नवा कधी बसला. वही बायांनी लिहिली तर जास्त बरे, पिठाची गिरणी कधी बंद होती हे त्यांना नेमके ठाऊक असते. वह्या शेजारी शेजारी मांडून तक्ता तिथेच करू आणि दुसऱ्या दिवशी तो विभागीय कार्यालयाच्या दारावर चिकटवू. चेहरा कुठला काढायचा ते बैठकीत ठरेल.