मुलाला झटका आला, तर आधी घड्याळ बघा!

पालकांनो, आजी-आजोबांनो, आशाताईंनो, अंगणवाडीताईंनो,

मुलाचे डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन उडू लागतात आणि घरात एकच धावपळ उडते. कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं, कुणी डाग द्यायला भगताकडे नेतं. हात जोडून सांगते, यातलं काहीही करू नका. कांद्याने झटका थांबत नाही. चमच्याने दात तुटतात. आणि भगताकडे गेलेला तास कुठल्याही औषधाने भरून निघत नाही.

मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात पाणीसुद्धा घालू नका. घड्याळ बघा. बरेचसे झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पण पाच मिनिटं उलटली, की झटका आपणहून थांबणं अवघड होतं आणि जितका उशीर, तितकं औषध कमी लागू पडतं. लगेच १०८ला फोन करा. झटका पहिलाच असेल, पुन्हा आला असेल किंवा मूल शुद्धीवर येत नसेल, तर तो थांबला तरी रुग्णालय गाठा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारी आकडी बहुधा निरुपद्रवी असते. मात्र तो निर्णय घरी घेऊ नका. मेंदूज्वर, मेंदूचा टीबी, मलेरिया यांतही ताप आणि झटके असतात. नागपूरजवळ १९६५ साली प्रथम सापडलेला चांदीपुरा विषाणू तर काही तासांत मुलाला बेशुद्ध करतो. रक्तातली साखर किंवा सोडियम घसरलं तरी झटके येतात. एक लिटर पाण्यासाठीची ओआरएसची पुडी पेलाभर पाण्यात कालवून पाजली, तर उलट सोडियम वाढून झटके येऊ शकतात. कापूर पोटात गेला तरी येतात. मिरगीच्या गोळ्या मनाने बंद केल्या तरी येतात. म्हणून बाळाला काय काय दिलं, ते डॉक्टरांना न लपवता सांगा. तुम्हाला कुणी रागावणार नाही, पण उपचाराची दिशा मात्र लगेच ठरेल.

रुग्णालयात आधी श्वास आणि साखर तपासतात, मग मिडाझोलाम किंवा लोराझेपाम देतात. तेवढ्याने भागलं नाही, तर लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट शिरेतून देतात. पुढचा प्रश्न कारणाचा. मेंदूज्वराची शंका असेल, तर पाठीतलं पाणी तपासावं लागतं. ‘पाणी काढलं की मूल लुळं पडतं’ या भीतीने नातेवाईक नकार देतात आणि नेमका उपचार लांबतो. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली घालतात. तपासणीला मूल योग्य आहे ना, हे डॉक्टर आधी पाहतात. शंका मनमोकळेपणाने विचारा, पण संमतीला उशीर लावू नका.

वॉर्डात उशाशी बसलेल्या आईलाही सांगणं आहे. प्रत्येक झटक्यात अंग उडतंच असं नाही. नजर एकाच बाजूला खिळणं, ओठ चोखत राहणं, नवजात बाळाचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरणं, हाही झटका असू शकतो. लगेच सिस्टरना हाक मारा. त्या येईपर्यंत जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं.

घरी सोडल्यावर औषधाचा एकही डोस चुकवू नका. आणि हे आवाहन बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, गावच्या ग्रुपवर आजच वाचून दाखवा.

— एक बालरोगतज्ज्ञ