लंडनमध्ये शिकताय, पण पॅरिसला जाता येईना! भारतीय विद्यार्थ्यांचं घोडं नेमकं कुठं अडतं?

लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनवरून युरोस्टार पकडली की साधारण सव्वादोन तासांत पॅरिस येतं. मुंबईहून पुण्याला डेक्कन क्वीननं जायला याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळं ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या पोरांचा पहिला बेत बऱ्याचदा ठरलेला असतो, नाताळच्या सुट्टीत पॅरिस!

व्हॉट्सॲपवर ग्रुप बनतो. कुणी हॉटेल बघतं, कुणी तिकिटं. त्या ग्रुपमधला जपानी किंवा अमेरिकन विद्यार्थी बॅग उचलून निघू शकतो. भारतीय विद्यार्थी मात्र व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख शोधत बसतो. कॉलेज एकच, वर्ग एकच, ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसाही सगळ्यांकडं सारखाच. मग अडतं कुठं?

राहायचा परवाना वेगळा, फिरायचा वेगळा

ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा फक्त ब्रिटनमध्ये राहून शिकण्याची परवानगी देतो. शेजारच्या देशांशी त्याचा काही संबंध नाही. हे ब्रेक्झिटमुळं झालं असा अनेकांचा समज असतो, पण तो चुकीचा आहे. ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होता तेव्हाही शेंगेनमध्ये नव्हताच.

शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकलेल्या देशांचा गट. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले आणि आता या गटात २९ देश आहेत. या गटात येताना व्हिसा लागणार की नाही हे सहसा पासपोर्टवरून ठरतं. जपान किंवा अमेरिकेच्या पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, भारताच्या पासपोर्टवर लागतो. तुम्ही लातूरहून येताय की लंडनहून, यानं फरक पडत नाही.

याउलट जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याकडं तिथला राहण्याचा परवाना असेल, तर त्याला बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांमध्ये ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. त्याला लंडनला जायचं असेल तर मात्र ब्रिटनचा व्हिसा काढावा लागतो.

सगळ्यात गमतीचं उदाहरण बेलफास्टचं. हे शहर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं. तिथून डब्लिनला थेट रेल्वे जाते आणि वाटेत सीमेवर नेहमीचं चेकपोस्टही नाही. पण डब्लिन आयर्लंड या वेगळ्या देशात आहे. त्यामुळं बेलफास्टच्या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलाला डब्लिनला जाण्यासाठी आयर्लंडचा व्हिसा लागतो. चेकपोस्ट नाही म्हणून कुणी तसंच गेलं आणि तपासणीत सापडलं, तर अडचण त्याचीच होते.

अर्ज करायचा तर काय काय लागतं?

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं शेंगेन व्हिसाचा अर्ज ब्रिटनमधूनच करायचा असतो, त्यासाठी भारतात यायची गरज नाही. ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडं अर्ज जातो. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडं. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडं अर्ज केला, की तो अडकण्याची शक्यता वाढते.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी तो करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, जास्त चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत. प्रौढांसाठीची फी ११ जून २०२४ पासून ८० वरून ९० युरो झाली. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही.

सोबत किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, विद्यापीठाचं पत्र, बँक स्टेटमेंट, राहण्याची आणि परतीची सोय दाखवणारे कागद लागतात. बोटांचे ठसे एकदा दिले की ते साधारण पाच वर्षं चालतात.

यात एक सवलत आहे, जी अनेकांना माहीत नसते. युरोपियन युनियनच्या व्हिसा नियमांनुसार शिक्षण किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिसाची फी माफ आहे. म्हणजे कोर्सचा भाग म्हणून अभ्यासदौरा असेल, तर विद्यापीठाच्या पत्रात तसं स्पष्ट लिहून घ्यायला हवं. पर्यटनासाठी ही माफी नाही.

खरी मेख तारखांमध्ये आहे

ब्रिटनमधून अर्ज करताना शेंगेन देश एक अट हमखास बघतात. युरोपातून परतल्यानंतरही तुमचा ब्रिटनचा व्हिसा किमान तीन महिने शिल्लक पाहिजे.

आता एक वर्षाच्या मास्टर्सचा हिशोब मांडून बघूया. १२ महिने किंवा त्याहून जास्त काळाच्या कोर्सला ब्रिटन कोर्स संपल्यावर चार महिने वाढीव देतं. समजा कोर्स सप्टेंबरअखेर संपला, तर व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत. त्यातून तीन महिने वजा केले, की युरोपची ट्रिप ऑक्टोबरअखेर संपवावी लागते.

त्याआधीचं वर्ष कसं जातं? पहिल्या नाताळला विद्यार्थी नुकताच आलेला असतो आणि तिथल्या बँक खात्याला दोन-तीन महिनेच झालेले असतात. उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो आणि नेमकी तेव्हाच पर्यटकांची गर्दी असल्यानं अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. कोर्स संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज केला आणि निकाल येण्याआधी विद्यार्थी युरोपात किंवा भारतात गेला, तर तो अर्ज मागे घेतल्याचं धरलं जातं. म्हणजे वर्ष पूर्ण मिळालं तरी फिरायला मिळणारे आठवडे मोजकेच.

दुसरी अडचण पैशांची. शैक्षणिक कर्ज घेऊन गेलेल्यांची फी बऱ्याचदा बँक थेट विद्यापीठाला पाठवते, त्यामुळं विद्यार्थ्याच्या खात्यात फारसं काही दिसत नाही. मग घाईघाईत घरून मोठी रक्कम मागवली जाते. पण अचानक आलेली मोठी रक्कम संशय कमी करत नाही, उलट वाढवते. त्यापेक्षा कर्जमंजुरीचं किंवा शिष्यवृत्तीचं पत्र, पालकांचं खर्च उचलण्याचं पत्र आणि त्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं, तर पैसा कुठून येतो हे समोरच्याला कळतं.

नकाराची भीतीही खोटी नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले. त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले, म्हणजे साधारण सातातला एक. नकार आला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्याविरुद्ध अपील करता येतं.

अमेरिकेत अडचण उलटी आहे

ब्रिटनमधल्या विद्यार्थ्याला शेजारी जाताना अडचण येते, तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला परत येताना.

अमेरिकेचा एफ-१ व्हिसा हा मुळात दारातून आत शिरण्याचा कागद आहे. आत आल्यावर कायदेशीर मुक्काम आय-२० आणि आय-९४ या नोंदींवर चालतो. त्यामुळं शिक्षण चालू असताना पासपोर्टवरचा व्हिसा संपला तरी अमेरिकेत राहता येतं. पण बहिणीच्या लग्नाला घरी आलात, तर परत जाण्याआधी नवा व्हिसा काढावा लागतो. कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी काही अटींवर सूट आहे, पण भारतीयाला कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतोच.

२०२५ मध्ये हे आणखी कडक झालं. मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवण्यात आल्या. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, पण सोशल मीडिया अकाउंट तपासणीसाठी सार्वजनिक ठेवायच्या अटीसह. २ सप्टेंबरपासून मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच कमी केली गेली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं, की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करा. तोवर अनेक भारतीय मुलं भारतातली गर्दी टाळण्यासाठी तिसऱ्याच देशात जाऊन व्हिसा काढत होती. तो रस्ता जवळपास बंद झाला.

याचा परिणाम म्हणजे घरी आजारपण असो वा लग्न, विद्यार्थ्याला आधी विचार करावा लागतो, की परतायला उशीर झाला तर सेमिस्टर आणि विद्यापीठातली नोकरी टिकेल का?

पुढं काय?

भारतीयांसाठी एक दिलासा एप्रिल २०२४ मध्ये आला. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. पण हा नियम भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. लंडनमध्ये शिकणारा भारतीय त्यात बसत नाही.

दुसरीकडं १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांच्या ठशांची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. त्यामुळं ९० दिवसांचा हिशोब आता संगणक ठेवतो. एखादा दिवस जास्त राहिलो तरी कोण बघतंय, हे धोरण आता चालणार नाही आणि ती नोंद पुढच्या अर्जावेळी समोर येऊ शकते.

इथं प्रश्न फक्त आयफेल टॉवरसमोरच्या फोटोचा नाही. व्हिएन्नाच्या परिषदेत निबंध स्वीकारला गेला आणि व्हिसा वेळेत आला नाही, तर तो निबंध दुसरंच कुणीतरी वाचून दाखवतं. म्हणून परदेशातलं विद्यापीठ निवडताना फी, रँकिंग आणि नोकरीच्या संधी बघतो, तशीच आणखी एक गोष्ट विचारून घ्यायला हवी. या देशाच्या व्हिसावर अजून कुठं जाता येतं, आणि मधेच घरी आलो तर परत जायला काय लागतं?