दोस्तासाठी राखलेली जागा

मुलांनो, गॅदरिंगच्या नाचात पुढच्या रांगेत उभं राहायला कोणाला आवडत नाही? पण स्वतः पुढे असूनही मागच्याला जागा करून देणारे थोडेच. आज अशाच एकाची गोष्ट ऐका. त्याचं नाव डी. बून.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सॅन पेड्रो नावाचं बंदर आहे. तिथल्या कामगारवस्तीत बून वाढला. शाळकरी वयात एकदा त्यानं बागेतल्या झाडावरून एका मुलावर उडी मारली, आपलाच मित्र समजून! तो निघाला अनोळखी माइक वॉट. झाली की गट्टी! पोरांनी उनाडक्या करू नयेत म्हणून बूनच्या आईनं दोघांना वाजवायला बसवलं. बूनकडे गिटार आणि वॉटकडे बेस, म्हणजे जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार.

तेव्हा तरुणांमध्ये 'पंक' संगीत पसरत होतं. मोठ्या कंपनीची वाट बघायची नाही, येतं तसं पण स्वतःचं वाजवायचं! १९८० मध्ये या दोघांनी 'मिनटमेन' हा बँड काढला. पुढे ड्रमवर जॉर्ज हर्ली आला. गाडी स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं. बरीच गाणी तर मिनिटभरातच संपायची! १९८४ च्या त्यांच्या एका अल्बमात ४० हून जास्त गाणी आहेत.

आता खरी गंमत. गिटारवाला म्हटला की त्याचाच आवाज वरचढ, नाही का? बूननं मात्र आपल्या गिटारचा आवाज मुद्दाम पातळ, धारदार ठेवला. खालची भरदार जागा बेस आणि ड्रमला मोकळी सोडली. समानतेची गाणी गायची नि वाजवताना दादागिरी करायची, हे त्याला पटत नव्हतं.

२२ डिसेंबर १९८५ ला अॅरिझोनात गाडीच्या अपघातात बून गेला. वय अवघं २७. वॉटला वाटलं, संपलं आपलं वाजवणं. पण एका चाहत्यानं गळ घातली नि तो पुन्हा उभा राहिला. त्यानंतरचे आपले अल्बम तो बूनलाच अर्पण करत आला.

करून बघा हं: तिघं जण बसा. एकानं गायचं, एकानं टाळ्या वाजवायच्या, एकानं डबा. अट एकच, प्रत्येकाला बाकीचे दोघं ऐकू आले पाहिजेत. वाटतं तितकं सोपं नाही बरं!

आणि आईबाबा, डबा वाजला म्हणून रागावू नका. बूनच्या आईनंही घरातच वाजवू दिलं होतं.