चढउतार यंत्राचा आणि चढउतार आवाजाचा

जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांतून मराठीच्या वर्गात ध्वनिमुद्रणे ऐकवण्याची रीत आता बरीच रुळली आहे. कोपऱ्यात एक डेस्कटॉप, त्याला जोडलेले दोन स्पीकर, आणि त्यांतून ऐकू येणारे एखादे काव्यवाचन, एखादी मुलाखत, एखादी जात्यावरची ओवी. रीतीबरोबर एक तक्रारही रुळली आहे : आवाज मध्येच खाली जातो, मध्येच वर येतो, आणि कुणी बटणाला हात लावलेला नसतो. या तक्रारीला सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक, 'स्पीकर जुने झालेत, नवे घ्या.' दुसरे, 'फॉरमॅट मारावा लागेल.' दोन्ही उत्तरांपुढे मराठीचा शिक्षक गप्प बसतो, कारण हा आपला प्रांत नव्हे अशी त्याची समजूत असते. आमचे म्हणणे असे, की हा त्याचाच प्रांत आहे. एखाद्या आवाजातला कोणता चढउतार दोष आणि कोणता अर्थ, हे ठरवणे तंत्रज्ञाचे काम नाही. ते वाचणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे काम आहे.

तरीही सुरुवात यंत्रापासूनच करायला हवी. दोषाचे मूळ शोधण्याची रीत पाठचिकित्सेहून फारशी वेगळी नाही. एकाच संहितेच्या दोन-तीन प्रती समोर ठेवून पाठभेद कुठे शिरला हे आपण पाहतो, तसेच इथे करावे. एकच ध्वनिमुद्रण दोनदा लावावे आणि आवाज नेमका कितव्या सेकंदाला पडतो हे घड्याळ पाहून टिपावे. मग तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर, साध्या हेडफोनवर ऐकावी. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी आवाज पडत असेल, तर दोष तारेत, खोबणीत किंवा नॉबमध्ये. त्याच ठिकाणी पडत असेल आणि दुसऱ्या यंत्रावरही पडत असेल, तर तो ध्वनिमुद्रणातच आहे. त्याच ठिकाणी पडतो पण दुसऱ्या यंत्रावर पडत नाही, असे झाले तर मात्र आपल्या संगणकात कुणी अदृश्य संपादक बसलेला आहे असे समजावे.

पहिल्या प्रकाराबद्दल फार लिहायला नको. संगणकाच्या मागची हिरवी खोबण सैल होते, पिनेवर धूळ बसते. आमच्या भागातला उन्हाळा आणि धूळ यांचा अनुभव असणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. स्पीकरच्या नॉबखाली कार्बनचा पट्टा असतो. तो झिजला की नॉब फिरवताना खरखर होते आणि एका बाजूचा आवाज अचानक गायब होतो. पिन काढून पुसावी, तार हलवून पाहावी, दुसरा स्पीकर जोडून पाहावा. हे दोष प्रामाणिक असतात. ते स्वतःला लपवत नाहीत आणि कुणाच्या आवाजाचा अर्थ बदलत नाहीत.

अदृश्य संपादकाची गोष्ट निराळी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, 'साउंड'च्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचे एक पान आहे. संगणकावरून कुणाशी बोलणे सुरू झाले असे यंत्राला वाटले, की बाकीचे सर्व आवाज ऐंशी टक्क्यांनी खाली आणावेत अशी सूचना त्या पानावर आधीच दिलेली असते. आपण ती दिलेली नसते. करोनाकाळानंतर वर्गातल्या संगणकावर ऑनलाइन सभेचे एखादे सॉफ्टवेअर मागे चालू राहणे ही रोजची बाब झाली. ते जागे झाले की कविता कुजबुजू लागते, ते झोपले की पुन्हा मोठ्याने बोलू लागते. उपाय एका टिचकीचा आहे : त्या पानावर 'डू नथिंग' हा पर्याय निवडावा. यंत्राने काहीही करू नये, एवढीच ती विनंती.

याहून गंभीर प्रकरण 'लाउडनेस इक्वलायझेशन'चे. स्पीकरच्या गुणधर्मांत 'एन्हान्समेंट्स' या शीर्षकाखाली हा पर्याय सापडतो. यंत्र आणि ड्रायव्हर यांप्रमाणे त्याचे नाव किंवा जागा थोडी बदलते. हळू आवाज उचलायचा आणि मोठा आवाज दाबायचा, हे त्याचे काम. बोलणारा थांबला की यंत्राला वाटते आवाज फार खाली गेला, म्हणून ते पातळी वाढवू लागते. त्या थांबण्यात पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, दूरचा हॉर्न, सगळे फुगून वर येते. तेवढ्यात पुढचा शब्द येतो, यंत्र दचकते आणि पातळी एकदम खाली दाबते. परिणामी शब्दाचा आरंभ चेपला जातो आणि शांतता गोंगाटाने भरते. आपल्याला जो 'आपोआप होणारा चढउतार' जाणवतो, तो पुष्कळदा हाच असतो. म्हणजे चढउतार नाहीसा करण्यासाठी ठेवलेली सोयच चढउताराचे कारण ठरते. फरक इतकाच, की पहिला चढउतार माणसाचा होता आणि दुसरा यंत्राचा.

इथे प्रश्न साहित्याचा होतो. वाचनातला विराम, कुजबूज, अचानक उंचावलेला स्वर हे अर्थाचे अवयव आहेत. कवी ओळीच्या शेवटी आवाज सोडून देतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. छापील कवितेत कुणी दोन ओळींमधली मोकळी जागा भरून काढली, तर आपण त्याला माफ करणार नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट रोज घडते आणि आपण तिला सुधारणा म्हणतो.

खानदेशातले एक उदाहरण घ्यावे. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. झोक्यावरचे गाणे जमिनीवर ठेवलेल्या माइकने टिपले, तर आवाज जवळ येईल, दूर जाईल, पुन्हा जवळ येईल. त्या गाण्याची लय शब्दांत आहे तशी या येण्याजाण्यातही आहे. समीकरण करणाऱ्या यंत्राला त्यात केवळ बिघाड दिसतो. ते दूरचा आवाज ओढून आणते, जवळचा ढकलून देते, आणि झोका थांबवते. गाणे उरते, पण ती आता झोक्यावर बसलेली लेक नसते, स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेली कुणीतरी असते.

जात्यावरच्या ओवीची स्थिती याहून बिकट आहे. ऑनलाइन बोलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट गाळणारी चाळणी असते. सतत, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे तिचे गृहीतक. पंख्याच्या बाबतीत ते ठीक आहे. पण जात्याची घरघर हाही सतत चालणारा आवाजच, आणि तंबोऱ्याचा नादही. ज्याच्या आधाराने स्वर उभा राहतो, नेमके तेच ही चाळणी फेकून देऊ पाहते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेडोपाडीच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ओव्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. त्या कामाचे मोल शब्दसंख्येत मोजता येणार नाही. कुणाचा आवाज, कोणत्या गावचा, कसा लागलेला, हे जपण्यात ते आहे. आता अहिराणी गाणी टिपण्यासाठी आमचे विद्यार्थी मोबाइल घेऊन गावोगाव जातात. हे फार चांगले आहे. पण मोबाइलमधले आपोआप पातळी सांभाळणारे यंत्र आणि ती चाळणी चालू ठेवून केलेले ध्वनिमुद्रण नंतर दुरुस्त होत नाही. ऐकवताना लावलेली सोय बंद करता येते. टिपतानाच गाळलेले परत मिळत नाही.

आवाज हरवण्याचा अनुभव या भूमीला नवा नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी. साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली आणि म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी घरातल्या माणसांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. दोन्ही ठिकाणी लेखणीने शब्द वाचवला. स्वराची उंची तिच्या आवाक्यात नव्हती. वक्ता कुठे थांबला, गाणारीचा आवाज कुठे भरून आला, हे आपण आता फक्त कल्पनेने भरतो. त्या पिढीचा नाइलाज होता. ज्यांच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे, त्यांना तो आधार घेता येणार नाही. त्यांनी आवाज सपाट केला तर ते नाइलाजाने नव्हे, कुणी तरी आधीच करून ठेवलेली निवड न तपासल्यामुळे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला ऐकू आले पाहिजे. ज्याला कमी ऐकू येते त्याला तर ही सोय वरदानच आहे. रात्री घरात सगळे झोपलेले असताना व्याख्यान ऐकणाऱ्यालाही आवाज एका पातळीत असलेला बरा. आम्हाला हे मान्य आहे. माहितीसाठी ऐकायचे तेव्हा सपाट आवाज उपयोगी पडतो, जसा परीक्षेच्या आदल्या रात्री सारांश उपयोगी पडतो. आमचा विरोध सारांशाला नाही. सारांशाला मूळ संहितेच्या जागी बसवण्याला आहे. सारांश वाचणाऱ्याला तो सारांश आहे हे ठाऊक असते. यूट्यूबवर २०२३ पासून 'स्टेबल व्हॉल्यूम' ही सोय आहे. ती चालू असताना वर्गात काव्यवाचन ऐकणाऱ्या किती जणांना आपण संपादित प्रत ऐकत आहोत याची कल्पना असते?

तेव्हा मराठी विभागांनी काही साध्या गोष्टी ठरवून टाकाव्यात. वर्गातल्या संगणकावरची ध्वनी 'सुधारणारी' सर्व साधने बंद ठेवावीत आणि गरज पडेल तेव्हा सांगून चालू करावीत. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नसेल तर आधी स्पीकर पुढून मध्यावर आणावेत, पंखे थोडा वेळ बंद करावेत. क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना अर्धा तास माइक शिकवावा : आपोआप पातळी आणि गोंगाटगाळणी बंद, सर्वांत मोठ्या आवाजाला फाटणार नाही अशी पातळी एकदाच लावून ठेवायची, मूळ फाइल न दाबता वेव्ह स्वरूपात जपायची, आणि माइक कुठे ठेवला होता हे टिपून ठेवायचे. संहितेच्या प्रतीबरोबर आपण लेखनकाल आणि लेखनिक नोंदवतो. ध्वनीच्या प्रतीला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

आणि पुढच्या वेळी वर्गात आवाज मध्येच खाली गेला, तर लगेच बटणाकडे धावू नये. तार पाहावी, ते 'कम्युनिकेशन्स'चे पान पाहावे, समीकरण बंद आहे ना पाहावे. हे सर्व ठीक असूनही आवाज खालीच राहिला, तर विद्यार्थ्यांना पुढे सरकून बसायला सांगावे. बोलणाऱ्यानेच तो खाली आणलेला असेल, आणि मग तिथे ऐकण्यासारखे काहीतरी असेल.