'नॉनप्लस्ड' म्हणजे नेमके काय?

गोंधळलेल्या माणसाला लावण्याची विशेषणे इंग्रजीत पुष्कळ आहेत. पण त्यांतले 'नॉनप्लस्ड' वाचणाऱ्यालाच गोंधळात टाकते. लॅटिनमधील 'नॉन प्लस', म्हणजे 'याहून अधिक नाही', यावरून ते आले. पुढे काय बोलावे, काय करावे हे सुचत नाही, मती कुंठित होते, ती ही अवस्था. 'कन्फ्यूज्ड' म्हणजे नुसता गोंधळलेला. 'नॉनप्लस्ड' म्हणजे गोंधळून निरुत्तर झालेला.

विसाव्या शतकात अमेरिकेत मात्र याच शब्दाला 'अविचल', 'ढिम्म' असा उलटा अर्थ चिकटला. आरंभीच्या 'नॉन'मुळे तो नकारार्थी वाटला असावा.

शुद्धतेचे अभिमानी यावर हसतात. हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकवावे. उज्जैनच्या मराठी घरात 'शिक्षा' म्हणजे दंड; उंबरठा ओलांडून हिंदीत गेले की 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! मराठीत राजीनामा दिला की नोकरी सुटते; हिंदीत राजीनामा झाला की तंटा मिटतो. १९५८ पासून उज्जैनला कालिदास समारोह भरतो. त्या कालिदासाच्या नाटकांत पात्र 'ससंभ्रम' उठते, ते घाईने, धांदलीने. ती धांदल मराठीत मनाचा गोंधळ झाली आणि कन्नडमध्ये सणासुदीचा आनंद! आमच्या कन्नड विभागात 'संभ्रम' आढळला, तर मराठी वाचकांनी काळजी करू नये.

तेव्हा अर्थ बदलणे हे शब्दाचे पाप नव्हे. फरक एवढाच, की 'शिक्षा' कोणती हे भाषेवरून कळते. 'नॉनप्लस्ड'चे दोन्ही अर्थ एकाच भाषेत नांदतात. समजा, अहवालात लिहिले की, हिशेबातील तफावत पाहून व्यवस्थापक 'नॉनप्लस्ड' झाले. ते सुन्न झाले, की त्यांना काहीच वाटले नाही? पहिल्या अर्थाने ते अनभिज्ञ ठरतात, दुसऱ्या अर्थाने त्यांच्यावर संशय येतो. एका विशेषणावर माणसाची अब्रू टांगणे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलांना वाटते, की अवजड शब्द वापरला म्हणजे आपले इंग्रजी कच्चे दिसणार नाही. माझे मत उलट आहे. असा शब्द वाचताना ओळखता यावा, संदर्भावरून त्याचा अर्थ लावता यावा. पण लिहिताना साधा, एकाच अर्थाचा शब्द निवडावा. दुहेरी नोंदीच्या जमाखर्चात एक रक्कम दोन्ही बाजूंना चालते, पण वाक्यात एक शब्द दोन्ही बाजूंनी का चालवावा?