वणव्याची निविदा

फाल्गुन लागला, पळस फुलला, की आमच्या तळेगावच्या भोवतालच्या टेकड्यांवर रात्री कधी कधी दुसराच पळस फुललेला दिसतो. लांबून पाहिले तर ती एक वाकडीतिकडी लाल रेघ असते. नागपूर-अमरावती रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला ती शोभिवंतही वाटत असेल. पण ज्या घरातला माणूस ती रेघ विझवायला गेलेला असतो, त्या घरात त्या रात्री कोणी झोपत नाही. आमचे घर त्यांपैकी एक आहे. माझे मामा उन्हाळ्याच्या हंगामात रोजंदारीवर जंगलात आग राखायला जातात. गावात त्यांना सगळे ‘फायर वॉचर’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. हातात मात्र हिरवी डहाळी, कमरेला पाण्याची बाटली आणि पायात चपला.

वणव्याविषयी लिहायचे म्हटले की आपण कविता लिहितो. मी आज निविदेविषयी लिहिणार आहे. विषय रुक्ष आहे, हे मला ठाऊक आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने टेंडरच्या भानगडीत कशाला पडावे, असेही कोणी विचारील. पण मामांच्या पायात काय असावे, हे अखेर कोणत्या तरी कार्यालयातल्या कागदावर ठरते. तो कागद कोणी तरी वाचायला हवा.

वणवा विझवण्यासाठी सरकार काय काय विकत घेते, ते आधी पाहू. पालापाचोळा उडवणारे ब्लोअर, आग झोडपण्याची साधने, बूट, शिरस्त्राण, पाण्याच्या टाक्या, वाहने. आणि याशिवाय माणसांचे श्रम. यातले बरेचसे साहित्य आता २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेवरून किंवा ई-निविदेने घेतले जाते. केंद्राची वणवा प्रतिबंधाची योजना आहे. आपल्यासारख्या राज्यात तिचा ६० टक्के खर्च केंद्र आणि ४० टक्के राज्य करते. आकाशातूनही पहारा आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणव्याच्या सूचना देत आली आहे, आणि २०१७ पासून ३७५ मीटरपर्यंतचा तपशील देणाऱ्या उपकरणाचाही उपयोग होतो. म्हणजे टेकडीवर आग लागली की काही तासांत मोबाइलवर संदेश येतो. विज्ञानाची ही झेप खरोखर अभिमानास्पद आहे. पण उपग्रह आग पाहतो, विझवत नाही. संदेश आल्यावर टेकडी चढायची असते ती माणसालाच.

ही चढण किती महाग पडू शकते, ते आपल्या विदर्भाने पाहिले आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन मजुरांचा मृत्यू झाला. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या आजीने मामांना ‘यंदा जाऊ नको’ म्हणून सांगितले. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे गेले. ज्याला रोजाचे काम दुसरीकडे नाही, त्याला धाडसी म्हणायचे की निरुपाय झालेला म्हणायचे, हे मला अजून कळलेले नाही.

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. गेल्या हिवाळ्यात गावातल्या आम्ही सहा-सात मुलांनी ठरवले, की जाळरेषेचे काम आपण घ्यायचे. जाळरेषा म्हणजे जंगलात आखलेला पट्टा. हंगामाआधी त्यावरचे गवत कापून, देखरेखीखाली जाळून तो साफ करतात, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला ओलांडायला वाट मिळत नाही. हे काम आमच्या बापजाद्यांना पाठ आहे. वारा कुठून फिरतो, कोणत्या नाल्यापाशी आग थबकते, हे मामांना नकाशा न पाहता सांगता येते. आम्ही एका कार्यालयाची निविदा संगणकावरून काढली आणि देवळाच्या ओट्यावर बसून वाचली. तीन वर्षांचा तशाच कामाचा अनुभव, तीन वर्षांची ठरावीक उलाढाल, बयाणा रक्कम, नोंदणीचे दाखले, डिजिटल स्वाक्षरी. मामांचा वीस वर्षांचा अनुभव त्यांत कुठेच बसत नव्हता. कारण तो कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेला नव्हता. ज्याने आग विझवली त्याला अनुभव नाही, आणि ज्याने मजूर पुरवले त्याला आहे, असा तो न्याय होता.

मात्र मी एकांगी लिहू इच्छित नाही. या अटी कोणी दुष्टाव्याने घातलेल्या नाहीत. पैसा जनतेचा आहे. उचल घेऊन पसार होणारे लोक असतात. स्वस्तात ब्लोअर देऊन नंतर सुटे भाग न देणारेही असतात, आणि ऐन चैत्रात बंद पडलेला ब्लोअर म्हणजे पाठीवरचे नुसते ओझे. शिवाय कंत्राटदार आला की मजुराच्या वाट्याला किती येईल, ही शंका राहतेच. म्हणून ‘अटी काढून टाका’ असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की आपण काय विकत घेत आहोत ते आधी नीट ठरवा. वस्तूची खरेदी आणि तयारीची खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपली पद्धत पहिलीसाठी घडलेली आहे. वणव्याला लागते ती दुसरी.

याचा पुरावा दिनदर्शिकेतच आहे. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे हंगामाच्या मध्यावर वही बंद होते आणि दुसरी उघडते. ज्या दिवसांत मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूची पालवी चांगली फुटावी म्हणून कोणी काडी लावतो, कोणी विडीचे थोटूक टाकून निघून जातो, नेमक्या त्याच दिवसांत हिशेबाची ही गडबड. खरे तर जाळरेषा, बूट, प्रशिक्षण आणि विमा हे सगळे संक्रांतीपर्यंत हाती असायला हवे. होळीनंतर आलेले बूट पुढच्या वर्षीच्या उंदरांच्या कामाचे!

परदेशात काय करतात? अमेरिकेत वणव्याचे संकट आपल्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. तिथे वनसेवा हंगाम सुरू होण्यापूर्वीच पाण्याचे टँकर, बुलडोझर, झाडे तोडणाऱ्या तुकड्या, अगदी जेवण पुरवणारे यांच्याशीही करार करून ठेवते. यंत्राची तपासणी आधी होते, दिवसाचा दर आधी ठरतो, आणि आग लागली की यादीप्रमाणे बोलावणे जाते. छोटा गाडीमालकही त्यात उतरू शकतो. या पद्धतीतली दूरदृष्टी घेण्यासारखी आहे. पण एक गोष्ट तशीच्या तशी उचलण्यासारखी नाही. तिथे बोलावणे आले तरच पैसे मिळतात. आपल्याकडे, जिथे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात, तिथे ‘जितक्या आगी तितके दाम’ असा नियम केला, तर उन्हाळ्यात काम नसलेल्या एखाद्याच्या मनात काय येईल, हे सांगायला नको.

म्हणून मला वाटते, की गावाशी करार व्हावा तो न जळलेल्या जंगलाचा. जंगलाच्या कडेच्या प्रत्येक गावाला त्याचा पट्टा नेमून द्यावा. हंगामाच्या चार महिन्यांचे ठरलेले वेतन दरमहा द्यावे, आणि पट्टा सुरक्षित राहिला तर पावसाळ्यापूर्वी वरची काही रक्कम द्यावी. किती जळाले ते उपग्रहाची नोंद आणि गावासमोर केलेला पंचनामा यांवरून ठरावे. शेजारच्या पट्ट्यातून आग आली तर त्याचा दोष गावावर टाकू नये. आणि कराराची पहिली अट उलाढालीची नसावी. प्रत्येकाच्या पायात बूट, प्रत्येकाच्या नावावर विमा आणि एकट्याने आगीकडे न जाण्याचा नियम, ही पहिली अट असावी.

हे स्वप्नरंजन आहे का? महाराष्ट्राला तरी तसे म्हणता येणार नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी, बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत, तेव्हाच्या मुंबई प्रांताने जंगल ठेकेदाराच्या हातून काढून जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना काम द्यायला सुरुवात केली. बांधकामांच्या सरकारी कामांत मजूर सहकारी संस्थांसाठी वाटा राखण्याची पद्धत आपल्या राज्यात आहेच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून त्या गावाने आपला बांबू स्वतः विकला. बांबूचा व्यवहार करू शकणारे गाव आगीचा करार करू शकणार नाही काय? १९२७ च्या वन कायद्याचे ७९ वे कलम जंगलात हक्क असणाऱ्यांवर वणवा विझवायला मदत करण्याचे बंधन घालते. कर्तव्य कायद्याने गावाचे केले आहे. तर मग त्या कर्तव्याचे दामही करार करून गावाला का देऊ नयेत?

मित्रहो, शेवटी आपल्याविषयी. आमचा अर्ज त्या वर्षी गेलाच नाही. पण ती निविदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. ओट्यावर जमलेल्यांत जंगल जाणणारे पुष्कळ होते. कागद जाणणारा कोणी नव्हता. मी तीन दिवस शब्दकोश घेऊन बसलो, तेव्हा कुठे अर्धा कागद उलगडला. भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचे हे काम नाही, असे मला आता वाटत नाही. गावाची संस्था नोंदवणे, मामांच्या वीस वर्षांचा अनुभव दाखल्यावर आणणे, अट चुकीची असेल तर निविदापूर्व बैठकीत उठून तसे विचारणे, हे आपल्याला करता येईल. आमच्या प्राध्यापकांनी यात हात दिला, तर महाविद्यालयाचे उपकार या टेकड्याही विसरणार नाहीत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुन्हा उन्हाळा असेल. एखाद्या रात्री टेकडीवर ती लाल रेघ दिसली, तर क्षणभर थांबा. तिच्या टोकाशी हिरवी डहाळी घेऊन कोणी तरी उभा आहे. त्याच्या पायात काय आहे, एवढे तरी आपण विचारू या.